भाषांतर तू करू नकोस, मुलांना करू दे

तुझा प्रश्न आधी इथे मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. मानेवाड्याच्या पुढच्या एका वस्तीत तू दोन महिन्यांपासून दर रविवारी बहाई बालवर्ग, म्हणजे बहाई धर्माच्या शिकवणीवरचा मुलांचा वर्ग, घेते आहेस. सोळा मुलं येतात. सर्वांत धाकटं साडेतीन वर्षांचं, सर्वांत मोठा तेराचा. सहा जणांच्या घरी मराठी, तिघांच्या घरी हिंदी, पाच मुलं छत्तीसगढहून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली, आणि दोघी बहिणी कॉन्व्हेंटमधल्या, ज्या देवनागरी वाचताना अडखळतात. तू लिहितेस, "काकू, मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगते, मग हिंदीत सांगते, त्यातच वेळ जातो. लहान रडतात, मोठे कंटाळतात. वर्गाचे दोन भाग करू का? आणि शिकवू कोणत्या भाषेत?"

भाषेवरून वर्ग तोडू नकोस. वयावरून तोडायचा असेल तर सोबत शिकवणारं दुसरं माणूस मिळू दे, आणि तेव्हाही फक्त मधल्या अर्ध्या तासापुरताच तोड. बाकी तुझी खरी गळती कुठे आहे ते तूच लिहिलं आहेस: प्रत्येक वाक्य दोनदा.

मी वीसेक वर्षं नागपुरात हे वर्ग घेते आहे, आणि सुरुवातीला मीही हेच करायची. वाक्य मराठीत, लगेच हिंदीत. वाटायचं, कुणी मागे राहायला नको. होतं काय, की हिंदीवाली मुलं मराठी वाक्याच्या वेळी सतरंजीचे धागे काढत बसतात, कारण त्यांना ठाऊक असतं की आपलं वाक्य येणारच आहे. मराठीवाली मुलं दुसऱ्या वाक्याला एकमेकांना चिमटे काढतात. म्हणजे कोणत्याही क्षणी अर्धा वर्ग गैरहजर. आणि छत्तीसगढी मुलांसाठी दोन्ही वाक्यं परकीच.

मग एका वर्षी मी त्याहून मोठी चूक केली. दोन सतरंज्या टाकल्या, एकीवर मराठी, दुसरीवर हिंदी, आणि मदतीला एक ताई घेतली. शिकवणं सोपं झालं खरं. पण महिनाभरात मुलं "आमची सतरंजी", "तुमची सतरंजी" म्हणायला लागली. रंगाच्या खडूंवरून भांडण झालं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ते हिंदीवाल्यांचे खडू आहेत." ज्या वर्गात आपण मानवजात एक आहे हे शिकवतो, तिथे ही भिंत मी स्वतः बांधली होती. पुढच्या रविवारी दोन्ही सतरंज्या जोडून टाकल्या, मध्ये फट राहू दिली नाही.

तेव्हापासून एकच नियम पाळते. भाषांतर मी करत नाही, मुलं करतात. हे एक उदाहरण घेऊन सांगते, कारण सगळी पद्धत त्यातच आहे.

'निगूढ वचने' हा छोट्या वचनांचा संग्रह बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांनी बगदादला असताना, १८५८ च्या सुमारास प्रकट केला. त्यातलं अगदी पहिलं वचन मुलांना पाठ करवतात. त्यात सांगितलं आहे की माझा पहिला उपदेश हा: शुद्ध, दयाळू आणि तेजस्वी हृदय बाळग. 'शुद्ध' सगळ्यांना कळतं, 'दयाळू' थोडं समजावलं की कळतं. पण 'तेजस्वी' हा शब्द नागपूरच्या कोणत्याच गल्लीत कुणी बोलत नाही. आधी मी त्याचा अर्थ सांगायची, "तेजस्वी म्हणजे ज्यात तेज आहे असं." मुलं माना डोलवायची, आणि कुणाच्या डोक्यात काही शिरायचं नाही.

मग एका रविवारी मी अर्थ सांगितलाच नाही. घरून दोन स्टीलच्या ताटल्या नेल्या होत्या, एक मुद्दाम चार दिवस न घासलेली, तेलकट, आणि एक स्वच्छ. दारातल्या उन्हात दोन्ही धरल्या. स्वच्छ ताटलीचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचायला लागला, तशी लहान मुलं तो पकडायला धावली. मी एवढंच विचारलं, "ही ताटली अशी का, आणि ती तशी का?" एक जण म्हणाला, "हिले घासलं आहे." हिंदीवाली मुलगी म्हणाली, "ये चमक रही है." आणि मग दोन महिने वर्गात एक शब्दही न बोललेली छत्तीसगढी मुलगी, सहा-सात वर्षांची, मागून म्हणाली, "दाई मांजथे, त चमकथे." आई घासते, मग चमकते. तिच्या शेजारचा मराठी मुलगा मला नाही, तिलाच म्हणाला, "मांजथे म्हणजे घासते ना?" तिने मान हलवली. झालं, त्या दिवशी वर्गात 'तेजस्वी'ला तीन शब्द मिळाले आणि तिन्ही मुलांकडून आले. मग मी हळूच विचारलं, मनावर कशाची घाण बसते? राग, खोटं बोलणं, चिडवणं, अशी उत्तरं आली. बहाई लेखनात हृदयाला आरशाची उपमा वारंवार येते, धूळ पुसली की त्यात प्रकाश उमटतो. आमच्या वर्गात आरशाच्या जागी ताटली आली एवढंच.

आता तू हे कसं करशील ते सांगते. प्रत्येक रविवारी वचनातले दोन अवघड शब्द निवड, त्याहून जास्त नको. त्यांच्यासाठी वस्तू किंवा कृती शोध. वर्गात दाखव आणि विचार, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" मिळालेले सगळे शब्द मोठ्याने म्हणून घे. मग वचन म्हण. हे सगळं दहा मिनिटांत होतं, आणि तुझं दोनदा सांगणं आपोआप गळून पडतं.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेव. मराठी आणि हिंदी शेजारणी आहेत, त्यामुळे सारखे दिसणारे शब्द फसवतात. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. मी एकदा हिंदी पुस्तकातून "बच्चों की शिक्षा" असं वाचलं आणि पुढे बसलेलं एक मराठी पोरगं सावरून बसलं, काय चूक झाली म्हणून. हिंदीतलं संसार म्हणजे जग, आपलं संसार म्हणजे घर, चूल, भांडी. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत "मन खाली करो" म्हटलं की मन रिकामं करायचं असतं, पण मराठी मूल खाली जमिनीकडे बघतं. असे शब्द आधी घरी वाचताना पेन्सिलीने खुणावून ठेव. मोठ्या मुलांना तर या शब्दांचा खेळ फार आवडतो. आमच्या वर्गात त्यांनी अशा शब्दांची वहीच केली होती.

पाठ कोणत्या भाषेत करून घ्यायचं, हा तुझा खरा प्रश्न. मी प्रत्येक मुलाला एकाच भाषेत पाठ करू देते, आणि ती भाषा त्याने निवडायची. बहाउल्लाहांनी सगळ्या जगासाठी एक समान भाषा असावी असं सांगितलं, पण ती मातृभाषेच्या सोबत, मातृभाषा पुसून नाही. प्रार्थना तर आणखीच आतली गोष्ट. बहाउल्लाहांचे पुत्र अब्दुल-बहा यांची ती छोटी प्रार्थना, ज्यात मूल देवाला म्हणतं की मला मार्ग दाखव, माझं रक्षण कर, मला उजळता दिवा आणि लखलखता तारा कर, ती मूल रात्री अंधारात एकटं म्हणणार आहे. तिथे त्याला परका शब्द आठवत बसायला लागू नये. सगळ्यांनी एकत्र म्हणताना हातवारे एकच ठेव: दिव्याला ओंजळ, ताऱ्याला वर बोट. तोंडातले शब्द वेगळे, हात एक. चाल लावून गायलं तर लहानांचं रडणं निम्मं थांबतं, हे अनुभवाने सांगते. अरबी किंवा फारसी मूळ शब्दांचा आग्रह धरू नकोस, त्याची गरज नाही.

कॉन्व्हेंटच्या त्या बहिणींची काळजी करू नकोस. त्यांना बोललेली मराठी येते, फक्त लिपी अवघड जाते. हा वर्ग कानाने आणि तोंडाने चालतो, त्यामुळे वाचायला लावून कुणालाही उघडं पाडू नकोस. महानगरपालिकेच्या शाळेतलं मूल वाचनात मागे असेल तर त्यालाही हाच आधार आहे.

आता वयाचं. बालवर्ग घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं, रूही संस्थेचं तिसरं पुस्तक तू केलं आहेस म्हणजे बालवर्गाच्या पहिल्या इयत्तेचे २४ पाठ तुझ्याकडे आहेत. प्रत्येक पाठात प्रार्थना, गाणं, वचन, गोष्ट, खेळ आणि चित्र. ते पाच-सहा वर्षांच्या मुलांना धरून लिहिले आहेत, म्हणून तुझी दहा वर्षांची मुलं कंटाळतात. पण नव्या वर्गात सगळ्यांनी तिथूनच सुरुवात केली तर काही बिघडत नाही, फक्त मोठ्यांना त्याच पाठात वेगळं काम दे. मोठ्यांना अवघड प्रश्न देऊन गप्प बसवण्यापेक्षा त्यांच्यावर खरी जबाबदारी टाक.

उदाहरणार्थ, गोष्ट. अब्दुल-बहा लहान असताना त्यांना डोंगरावर आपल्या घरच्या मेंढरांचे कळप बघायला नेलं. धनगरांनी मेजवानी केली. निघताना मुख्य धनगराने सांगितलं की मालकाने धनगरांना काहीतरी भेट द्यायची रीत आहे. लहानग्या अब्दुल-बहांनी विचार केला आणि मेंढरंच देऊन टाकली. वडिलांना, म्हणजे बहाउल्लाहांना, हे कळलं तेव्हा ते आनंदाने हसले. म्हणाले, याला याच्यापासूनच जपायला हवं, एक दिवस हा स्वतःलाच देऊन टाकेल.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "मंग त्याच्या बाबानं त्याले मारलं नाई का?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो आपल्या घरचं बोलत होता. मी म्हटलं, नाही मारलं, ते खूश झाले. तो बराच वेळ गप्प बसला. त्या दिवशी उदारतेचं वचन त्याच्याकडून पाठ झालं नाही, मीही आग्रह धरला नाही.

ही गोष्ट आता मी अशी घेते: निवेदन मराठीत मी करते, धनगर हिंदी बोलतात, आणि ते काम हिंदीवाल्या मुलांकडे. पुढच्या रविवारी दहा-अकरा वर्षांची मुलं तीच गोष्ट स्वतः बसवतात, आपापल्या भाषेत. लहान मुलं मेंढरं होतात. गोष्टीला भाषांतर लागतच नाही. मेंढरं निघाली, हात पसरले, कळप दिला, एवढं बघून सगळ्यांना सगळं कळतं.

साडेतीन-चार वर्षांच्यांना पाठवून देऊ का, असंही तू विचारलं आहेस. देऊ नकोस. वस्तीत धाकटं भावंड बहुधा मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं. आई-बाप साइटवर गेलेले असतात. धाकट्याला येऊ दिलं नाहीस तर बहीणही येणार नाही. बहाई शिकवणीत तर असं आहे की मुलगा आणि मुलगी दोघांना शिकवणं शक्यच नसेल तर आधी मुलीला शिकवा, कारण उद्या आई म्हणून मुलाची पहिली शिक्षिका तीच होणार. मग कडेवरच्या बाळापायी तिला दारातून कसं परत पाठवायचं? कोपऱ्यात एक चादर टाक, त्यावर तोंडात न जाणाऱ्या मोठ्या वस्तू ठेव. मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ठेवते, घरोघरी पडून असतात, लोक आनंदाने देतात. आणि बहिणीला मोकळं करायला मोठ्यांची पाळी लाव, दहा-दहा मिनिटांची. मुलग्यांचीही पाळी लाव, हे विसरू नकोस.

मोठ्यांना काम द्यायचं म्हटलं की आपण त्यांना मॉनिटर करतो. ती चूकही मी केली आहे. एका अकरा वर्षांच्या मुलाला "लहानांना गप्प ठेव" असं सांगितलं आणि त्याने फूटपट्टीने एका पाच वर्षांच्या मुलाच्या हातावर मारलं. त्याचा दोष नव्हता, शाळेत त्याने हेच पाहिलं होतं आणि मी त्याच्या हाती तेच काम दिलं होतं. अब्दुल-बहांनी स्पष्ट सांगितलं आहे की मुलाला मारणं किंवा घालूनपाडून बोलणं योग्य नाही, त्याने स्वभाव बिघडतो. त्या दिवशी दोन्ही मुलांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून मोठ्यांना मी पहारा देत नाही, जोडी देते. प्रत्येक मोठ्यासोबत एक लहान, शक्यतो वेगळ्या घरभाषेचं. वचनाचा पहिला तुकडा मोठ्याने लहानाला त्याच्या भाषेत म्हणून दाखवायचा, आणि लहानाने मोठ्याला एक शब्द शिकवायचा. शेवटची पाच मिनिटं जोड्या पुढे येऊन म्हणतात. अकरा वर्षांचा मराठी मुलगा "तारा"च्या जागी छत्तीसगढी मुलीकडून शिकलेला "चंदैनी" हा शब्द म्हणतो, तेव्हा त्या मुलीचा चेहरा बघ.

मोठ्यांची भूक कधी हिशेबाचीही असते. लहान चित्र रंगवत असताना मी त्यांना बहाई पंचांग देते. वर्षाचे १९ महिने, महिन्याला १९ दिवस, गुणाकार करा. ३६१ आले की स्वतःच विचारतात, मग उरलेले चार-पाच दिवस कुठे? तिथून फेब्रुवारीअखेरचे अय्याम-ए-हाचे दिवस, भेटी देणं, आणि मार्चमधला नवरोज, म्हणजे बहाई नववर्ष, सगळं ओघात येतं. दिल्लीच्या कमळ मंदिराच्या २७ पाकळ्या आणि ९ दरवाजेही असेच कामाला येतात. कागदावर कमळ काढायचं असेल तर पाकळ्यांच्या तीन ओळींत २७ कशा बसवायच्या, यावर आमच्याकडे पंधरा मिनिटं शांतता होती.

खेळ थोडक्यात सांगते. हरणं-जिंकणं असलेले खेळ लहान-मोठ्यांच्या वर्गात टाळ, लहान नेहमी हरतात. डोळे बांधलेल्याला सोबत्याने फक्त आवाजाने वाट दाखवायची, तीही आपल्याच भाषेत, हा खेळ घे. डावीकडे, बाएं, डेरी कोती, हे सगळं दोन रविवारांत पाठ होतं.

घरोघरी जाणं सोडू नकोस. महिन्यातून एकदा तरी प्रत्येक घरी. आपल्या शहरात दीक्षाभूमी आहे. धर्म ही इथे लोकांनी विचार करून निवडलेली गोष्ट आहे. बौद्ध घरातली एक आई मला दारातच म्हणाली, "तुम्ही पोरांना देव शिकवता का?" मी खरं ते सांगितलं. हा वर्ग बहाई आहे, प्रार्थना बहाई लेखनातल्या आहेत, आम्ही देव मानतो, आणि बुद्ध, कृष्ण, येशू, महंमद या सगळ्यांचा आदर करायला शिकवतो. मूल तुमचं आहे, यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. तिने महिनाभर मुलीला पाठवलं नाही, मग स्वतः येऊन मागे बसली, आणि नंतर मुलगी यायला लागली. गोड शब्दांत लपवलं असतं तर ते एक दिवस उघडं पडलंच असतं. वर्ग उघड्या दाराने घे, आणि आणखी एक मोठं माणूस नेहमी हजर असू दे. एखादी आजी बसली तरी चालेल.

तुझी पाच छत्तीसगढी मुलं पावसाळ्याच्या तोंडावर धानाच्या कामासाठी गावी जातील, हे आत्ताच गृहीत धर. काही दिवाळीनंतर परत येतील, काही नव्या साइटवर. म्हणून पाठ किती झाले हे मोजत बसू नकोस. पहिले सहा पाठ मी वर्षातून दोनदा घेते. दुसऱ्या वेळी ते मोठी मुलं घेतात, मी मागे बसते. उन्हाळ्यात वेळ सकाळी सातची कर, साडेआठनंतर टिनाच्या छपराखाली कुणाला बसवू नकोस, आणि माठ भरलेला ठेव.

राहिला तो तेरा वर्षांचा, जो मागे बसून हसतो. तो बालवर्गाचा राहिलेला नाही. बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी किशोर गट असतो, त्यांचं शिकणं वेगळं, प्रश्न वेगळे. तुझ्या बाजूला तो गट चालत नसेल तर तोवर त्याला खरं सांग: तुझ्यासारख्यांसाठी गट सुरू करायचा आहे, तुला आणखी तीन-चार जण शोधायचे आहेत, शोधशील का? दरम्यान वर्गात त्याला पाठात बसवू नकोस, त्याला गोष्टीचा धनगर कर. रविवारी वर्गाच्या अर्धा तास आधी ये म्हणावं, सतरंज्या दोघं मिळून टाका, आणि तेव्हाच त्याच्याशी गोष्टीचं बोलून घे. येत्या रविवारपासून एवढं कर आणि महिन्याभराने मला कळव, जोड्या कशा लागल्या, आणि त्या बहिणींनी छत्तीसगढी मुलांकडून पहिला शब्द कोणता घेतला.